काजळ्याची थंडी

“मनगट गार लागतंय तोवर काळजी नाही. गार लागायचं थांबलं, की लगेच काजळ्याकडं जायचं,” इस्पितळात जाताना बिराप्पाने बायकोला, केराबाईला बजावलं आणि आपल्या मनगटावरची पट्टी तिच्या मनगटावर चिकटवली.

माळावर बर्फ पडू लागल्यापासून काजळ्यासारख्या राखणीच्या कुत्र्यांच्या अंगावर तापती झूल असे आणि त्यांना जाणवणारी थंडी अशा पट्टीतून धन्याच्या हातात उतरे. आठ दिवस केराबाईचं मनगट काजळ्यासोबत गारठत होतं.

आज सोमवार. उपासाची भगर शिजवताना मनगट कोमट वाटलं, तेव्हा तिला ती चुलीची धग वाटली. ताट घेऊन ती लांब बसली, तरी गारवा परतला नाही.

“जाऊबाई, हाताला काहीच कळंना.”

“बरंच झालं की! आठ दिवस नुसती कुडकुडत होतीस. खा आधी.”

“झूल बंद पडली असंल हो. अंग बधिर झालं असंल त्याचं. मी मघाशीच उठायला हवं होतं.”

“अगं, कुत्रंच ते.”

“यांना शब्द दिलाय मी.”

केराबाईने ताट झाकलं. चुलीजवळची तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरली, वाकळ पांघरली आणि बर्फातून मेंढवाड्याची चढण धरली.