लाल शाईचे दोन शब्द

"नकाराला घाबरू नका," राजेश्वरीबाई म्हणाल्या, आणि समोरच्या तीस-पस्तीस होतकरूंनी ते वाक्य मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

वलवणच्या हॉटेलातला साहित्य महोत्सवाचा दुसरा दिवस. सकाळची कार्यशाळा बाईंची होती, 'हस्तलिखित ते पुस्तक'. बावीस वर्षं त्यांनी कथेचं मासिक चालवलं. ते बंद पडून पाच वर्षं झाली होती, पण बाईंचा दरारा काही बंद पडला नव्हता.

संदेश नावाच्या एका तरुणाने विचारलं, नापसंत कथेवर तुम्ही काय लिहायचात? बाईंनी फळ्यावर लिहूनच दाखवलं. चिठ्ठी बसच्या तिकिटाएवढी, कारण कागद वाया घालवायचा नाही हा त्यांचा बाणा. त्यामुळे 'साभार' वर, 'परत' खाली, आणि त्याखाली सही. सगळं लाल शाईत.

"दुसऱ्या चिठ्ठीनंतर बहुतेकांची हौस फिटते," त्या म्हणाल्या. वर्ग हसला. संदेश तेवढा हसला नाही.

चहाच्या वेळी चैताली आली. महोत्सवाची सगळी धावपळ या पोरीच्या गळ्यात होती. दुपारी बाईंच्या हस्ते एका पुस्तकाचं प्रकाशन होतं. कोणाच्या, हे विचारायची बाईंना गरज वाटली नव्हती. छापून कालच आलेली प्रत चैतालीने पुढे केली. लेखिका तिकोणा पेठेच्या भागुबाई. किल्ल्याच्या पायथ्याशी ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी करून घालतात.

बाईंचा चहा बशीत सांडला.

हे नाव त्या विसरणं शक्यच नव्हतं. आठ वर्षांत अकरा वह्या. दर वेळी नवी गोष्ट, दर वेळी तीच लाल चिठ्ठी. ही बाई थकत कशी नाही, असं तेव्हा ऑफिसात हसूनही झालं होतं.

"त्यांनी तुमचाच आग्रह धरला," चैताली म्हणाली. "बाई नसतील तर प्रकाशनच नको, म्हणाल्या. आणि अर्पणपत्रिका बघा ना."

बाईंनी पान उलटलं. वर 'राजेश्वरीबाईंस' एवढंच. खाली त्यांच्याच चिठ्ठीचा फोटो, लाल शाईसकट. प्रकाशक महिपतींना ही कल्पना भलतीच आवडली होती. संपादकाला इतका झणझणीत टोला अजून कुणी हाणला नसेल, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. हे बोलून गेल्यावर चैतालीने जीभ चावली.

खोलीवर आल्यावर बाईंना पहिल्यांदा गुडघा आठवला. गुडघा दुखतो म्हटलं की कोणी जास्त चौकशी करत नाही. मग त्यांनी पुस्तक उघडलं. धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या घराचा उंबरा शोधायला जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट. पहिलं पान ओळखीचं होतं. दुसरं नव्हतं. पुढची गोष्ट काढली, तिचंही तसंच. अकराही गोष्टींचं फक्त पहिलं पान ओळखीचं निघालं.

पहिल्या पानावरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजून झाल्या की बाई वही मिटायच्या. त्यापुढे कधी गेल्याच नव्हत्या.

जेवायला न जाता त्यांनी पुस्तक संपवलं. म्हातारीला उंबरा सापडतो आणि ती त्यावर चिखलातच बसून राहते, तिथे त्यांना रडू आलं. आणि लाज वाटली, तीही अशी की गुडघ्याच्या आड लपेना. भागुबाई बोलायच्या आधी आपणच उठायचं, भर सभेत माफी मागायची. एवढी वर्षं कमावलेलं नाव आज जायचं तर जाऊ दे.

मंचामागे भागुबाई उभ्या होत्या. पांढरी इस्त्रीची साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून लाल शाई दिसत होती.

"जय भीम, बाई," त्या म्हणाल्या.

"भागुबाई, मला आधी तुमच्याशी बोलायचंय. माझं फार चुकलं."

भागुबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी काय बी बोलू नका. काय सांगायचं त्ये मी वर गेल्यावर समद्यांम्होरं सांगनार हाय."

 मंचावर राजेश्वरीबाईंनी पुस्तकावरचा कागद सोडला, टाळ्या झाल्या, आणि माईककडे त्या वळणार तोच चैतालीने भागुबाईंचं नाव पुकारलं. पहिल्या रांगेत महिपतींनी चित्रीकरणासाठी फोन उंच धरला.

भागुबाईंनी पिशवीतल्या अकरा चिठ्ठ्या टेबलावर एकेक करून मांडल्या. हॉलमध्ये कुजबूज झाली. बाईंनी मान खाली घातली.

"मी तिसरी शिकल्याली," भागुबाई म्हणाल्या. "ट्रेकवाल्यांनी इसरल्याल्या मासिकावरचा पत्ता बगून एक वही धाडली. छापायचं डोक्यात पन नव्हतं. कुनीतरी वाचावं, एवडंच. शाळंत वही तपासून देत्यात तशी ती माघारी आली, आत ही चिठ्ठी. घरात समदी म्हनायची, कोन मागतंय तुजं लिवनं? मी काय बोलायची न्हाई. ही चिठ्ठी दावायची."

त्यांनी एक चिठ्ठी उचलून सभेसमोर धरली आणि वरच्या शब्दावर बोट ठेवलं.

"एवड्या मोट्या बाई, पर आदी माजं आभार मानत्यात." बोट खालच्या शब्दावर सरकलं. "आनि मंग म्हनत्यात, परत. म्हून मी दर येळी परत लिवलं."