पलंगाखालचा बागुलबुवा

“कुणी नाहीये,” पलंगाखालून बाबाचा आवाज आला. त्याचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. “एक मोजा आहे, एक रबरबँड आहे आणि भरपूर धूळ आहे. बागुलबुवा नाही.”

पलंगावर त्याची मुलगी उशी कवटाळून उभी होती. वय वर्षं पाच. दिवसभर सारखी इकडून तिकडे पळायची, म्हणून घरात सगळे तिला मुंगी म्हणायचे.

“तुला बघून तो भिंतीत शिरला,” मुंगी म्हणाली. “तू गेलास की परत येतो.”

बाबा धूळ झटकत बाहेर आला. ही सलग अकरावी रात्र. बागुलबुवा असा काही प्रकारच नसतो, हे आईनं समजावून झालं होतं. बाबानं झाडू घेऊन त्याला खिडकीबाहेर हाकलून झालं होतं. बाटलीत पाणी भरून ‘बागुल-मार’ औषध फवारून झालं होतं. त्यानं फक्त मोजा ओला झाला. रोज शेवटी मुंगी आईबाबांच्या मधे येऊन आडवी पसरायची आणि तिच्या लाथा खात दोघं पहाटेपर्यंत कूस बदलत राहायचे. बाबा दातांचा डॉक्टर होता. आदल्याच दिवशी एका आजोबांना “मोठा आ करा” असं सांगताना त्याचाच आ आधी झाला होता, तोही जांभईनं.

शनिवारी बालवाडीला सुट्टी होती आणि आईला नेमकी परीक्षेची ड्यूटी लागली. बाबानं मुंगीला सोबत दवाखान्यात नेलं. याआधी ती तिथे फक्त रविवारी गेली होती, दवाखाना बंद असताना, खुर्ची वरखाली करून खेळायला. काम करणारा बाबा तिनं कधी पाहिलाच नव्हता.

ती बाहेरच्या बाकावर चित्रांची वही रंगवत बसली. अकराच्या सुमारास तिच्याच वयाची एक मुलगी आली, एका हातानं गाल दाबलेला, दुसऱ्यानं आईचं बोट घट्ट धरलेलं. आतलं दार उघडलं आणि बाबा दारात आला. तोंडावर मास्क, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर दिवा, हातात निळे हातमोजे.

“बागुलबुवाऽऽ!” ती मुलगी किंचाळली आणि थेट बाकाखाली शिरली.

“अगं, डॉक्टरकाका आहेत ते,” तिची आई म्हणाली. पण मुलीची दातखीळ बसली होती. बाबानं हात पाठीमागे लपवले. आवाज मऊ केला. तो जितका मऊ बोलला, तितकी ती आत सरकली.

मुंगीनं दचकून आधी मागे वळून पाहिलं. मागे तर कुणीच नव्हतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ही तिच्या बाबाला म्हणत होती. तिच्या बाबाला! मुंगीनं रंगाची कांडी आपटली आणि तीही बाकाखाली शिरली.

“तो बागुलबुवा नाहीये. माझा बाबा आहे.”

“त्याच्या डोक्यातून उजेड येतोय,” ती मुलगी कुजबुजली.

“दिवा आहे तो, बटणाचा. मी लावलाय कितीदा तरी.”

“त्याला तोंडच नाहीये.”

“आहे की! मास्कच्या आत आहे. मिशी पण आहे.”

ती मुलगी विचारात पडली. “घरी पण असाच असतो?”

“छे! घरी तो माझ्या वेण्या घालतो. या बघ. एक वर, एक खाली.”

मुलीनं दोन्ही वेण्या नीट निरखून पाहिल्या. इतक्या वाकड्या वेण्या घालणाऱ्या माणसाला घाबरण्यात काही अर्थ नव्हता. ती बाहेर आली. एका हातात आईचं बोट आणि दुसऱ्या हातात मुंगीची वेणी धरून खुर्चीत बसली. वीस मिनिटांत दाढेतली कीड साफ झाली, सिमेंट भरून झालं. जाताना ती “टाटा, डॉक्टरकाका” असं म्हणालीसुद्धा. अर्थात, दाराबाहेर पोचल्यावर.

दुपारी दवाखान्याला कुलूप लावून बापलेक चालत घरी निघाले. मुंगी कधी नव्हे ती न पळता नीट चालत होती. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान मागे पडलं, तेव्हा तिनं विचारलं, “बाबा, ती तुला बागुलबुवा म्हणाली ना?”

“म्हणाली. रोज एखादं पोर तरी म्हणतंच.”

“रोज?” मुंगी थबकली. “मग तू काय करतोस?”

“काय करणार? काम संपलं की घरी येतो.”

जेवताना तिचं लक्ष कुठेतरी भलतीकडेच होतं.

रात्री नऊ वाजता बाबानं सवयीनं पलंगापाशी गुडघे टेकले. कंबर धरून तो खाली वाकणार, इतक्यात मुंगी म्हणाली, “थांब. आज मी बघते.”

बाबा थांबला. मुंगी पलंगावर पालथी झाली आणि सरपटत कडेपर्यंत आली. तिनं डोकं खाली सोडलं. पडायला नको, म्हणून बाबानं तिचे घोटे धरून ठेवले. तिचे पाय गार पडले होते. ती बराच वेळ खालच्या काळोखात बघत राहिली. मग तिनं घसा खाकरला. आवाज जरा कापरा होता, पण समजुतीचा होता.

“बागुलकाका, उशीर झालाय. आता घरी जा, तुमची मुलगी वाट बघत असेल.”