आमच्याकडे

"आमच्याकडे कुणी हॉर्न वाजवत नाही," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

आई फरशीवर बसून शाळेच्या वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांचं बाइंडिंग करत होती. शेजारी खळीचं पातेलं होतं. खिडकी लागली तसा खोलीत खळीचा आंबूस वास कोंडला. चिरंजिवांनी नाक मुरडलं. याच वासात बसून ते परदेशी जाण्याइतके शिकले होते. पण परदेशात गेलं की आधी नाक नवं होतं, बाकीचा माणूस मागाहून.

आल्यापासून त्यांच्या तोंडी हा एकच शब्द होता. आमच्याकडे रांग मोडत नाहीत. आमच्याकडे पंखा असा खडखडत नाही. आमच्याकडे शेजारी न विचारता घरात घुसत नाहीत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आमच्याकडे आत्ता पहाट होत असेल," तेव्हा आईने खरोखर खिडकीबाहेर पाहिलं होतं. बाहेर टळटळीत दुपार होती. प्रवासाचा शीण असेल, असं तिला वाटलं. मग कधीतरी तिच्या लक्षात आलं, की या 'आमच्या'त आपण नाही.

तिने हात पुसून पाण्याचा तांब्या पुढे केला. "घे, पाणी घे."

"नको गं. ते पाणी नाही सोसत आता मला."

त्यांच्या पाण्याची सीलबंद बाटली टेबलावर होती. याच नळाच्या पाण्यावर सहा फूट वाढलेला देह आता त्याच्या घोटाने बिघडणार होता म्हणे.

बेल वाजली. चिरंजीव लगबगीने उठले.

"कोण रे?"

"एक माणूस आहे. नुसता बघून जाईल."

"काय बघून जाईल?"

"घर."

आईला हे असं कळलं. तोवर चिरंजिवांनी दार उघडलंही होतं.

जागांचा एजंट बुटांसकट आत आला. त्याने खिशातून मोजायची टेप काढली आणि तिचं दुसरं टोक चिरंजिवांनी स्वतः धरलं. टेप आईच्या मांडीवरच्या पुस्तकावरून गेली.

"आई, जरा सरक ना."

ती सरकली.

"काकू कुठे राहणार मग?" एजंटने विचारलं. कपाट कुठे ठेवणार, असं विचारावं तसं, आणि तेही चिरंजिवांना.

"सध्या नेतोय आमच्याकडे. बायकोचे दिवस भरत आलेत, बाळाला सांभाळायला कुणीतरी हवंच. आमच्याकडे बाई ठेवणं म्हणजे चैन आहे हो."

"आणि नंतर?"

"नंतर तिचा व्हिसा संपेल ना. मग इथेच एक छान जागा बघून ठेवलीय. समवयस्क मंडळी, डॉक्टर, वेळेवर जेवण. आमच्याकडे सगळे म्हातारे असेच राहतात. मजेत!"

आईने दोरा दातांनी तोडला. अशी जागा बघून ठेवल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. चिरंजीव तिला सांगायचं विसरले नव्हते. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

एजंटने भिंतीवर बोट फिरवलं. "ओल आहे, साहेब."

"ओल?" चिरंजीव असे काही दुखावले, की जणू भिंत त्यांनीच बांधली होती. "अहो, आपलं बांधकाम जुनं आहे, दणकट! आपल्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं. आपले शेजारी म्हणजे तर घरचेच. हाक मारली की धावत येतात."

"आणि पाण्याचं काय?"

"आपल्याकडे पाणी एक नंबर. फिल्टरसुद्धा लागत नाही. थेट नळाचं प्यायचं."

एजंटची नजर टेबलावरच्या बाटलीवर गेली आणि धंद्याच्या सवयीने लगेच दुसरीकडे वळली.

"आपल्याकडे?" आईने विचारलं.

"हो... म्हणजे आपल्या घरात."

"रांगा तुमच्या, रस्ते तुमचे, बाळ तुमचं. विकायचं तेवढं आपलं होय रे?"

चिरंजीव हसले. शिकलेला माणूस अडचणीत सापडला की हसतो, तसे. "आई, शब्दात काय पकडतेस? बोलण्याची पद्धत असते एकेक."

"साहेब, घर नावावर कुणाच्या आहे?" एजंटला भाषेत रस नव्हता.

"एकच आहे हो ते. आईच्या काय नि माझ्या काय."

आई उठली. बोटांना लागलेली खळ तिने फडक्याला सावकाश पुसली.

"घर माझ्या नावावर आहे," ती एजंटला म्हणाली. "मी इथे राहते, आणि इथेच राहणार आहे. विकायचं नाही."

"पण काकू, या साहेबांनीच तर फोन करून..."

"ते पाहुणे आलेत आमच्याकडे."

एजंटने टेपचं बटण दाबलं. चिरंजिवांच्या चिमटीतून दुसरं टोक निसटलं आणि सरसरत परत गेलं. जिन्यावर त्याच्या बुटांचे आवाज उतरत गेले. चिरंजीव चिमूट तशीच धरून उभे होते.

आईने खिडकी उघडली. रस्त्यावरचे सगळे हॉर्न एकदम आत आले. मग टेबलावरची बाटली उचलून तिने ती चिरंजिवांच्या पुढे ठेवली.

"बसा," ती म्हणाली. "पाणी घ्या."