भीतीला दोन तारे

रेसिंग असो, कोडी असोत की भुताखेतांचा गेम, परीक्षणात तारे देताना मामाचा हात कायम आखडता. बहिणीकडे मुक्कामाला आला तरी लॅपटॉप सुटत नव्हता. सात वर्षांची भाची शेजारी चिकटून बघत बसली होती.

गेममधली मुलगी राक्षसाला घाबरून कपाटात शिरली आणि पुन्हा सापडली.

"काहीही दाखवतात," मामा लिहिता लिहिता पुटपुटला. "स्वतःच्या घरात कुणी एवढं घाबरतं का? पटतच नाही. भीतीला दोन तारे."

"ती नाकाने जोरात श्वास घेते ना मामा, म्हणून सापडते. तोंड उघडं ठेवलं की आवाज होत नाही. आणि आत शिरल्यावर कपडे पुढे ओढून घ्यायचे."

मामा हसला. "म्हणजे हा गेम आधीच खेळून बसलीयेस तू."

"नाही. मला कुठे लॅपटॉप देतात?"

मामाने मान वर केली. तेवढ्यात खाली गाडीचा दरवाजा आपटला.

"बाबा आले गं," स्वयंपाकघरातून बहीण दबक्या आवाजात म्हणाली.

मामा काही विचारणार, तोवर शेजारची जागा रिकामी झाली होती. आतल्या खोलीत कपाटाचं दार अगदी हळू मिटलं.