पक्कं कवच

पोल्ट्रीतल्या अंड्यांची कवचं पातळ व्हायला लागली, तसं मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कोंबड्यांचे डॉक्टर बोलावले, खाद्यात कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा सुरू केला. तो रोज कालवायचं काम अर्थातच बायकोच्या गळ्यात पडलं.

"अहो, माझीही हाडं फार दुखतात हल्ली. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्यात. येताना आणाल का?" एकदा तिने हळूच विचारलं.

"तुला कुठं अंडी घालायचीत?" म्हणत तो खो खो हसला.

पुढे एका सकाळी अंड्यांचा ट्रे उचलताना तिचा तोल गेला. ट्रे भुशावर पडला, ती फरशीवर. मनगट काडकन मोडलं. किंकाळी ऐकून तो धावत आला, घाईघाईने खाली वाकला. तिला वाटलं, आता हे हात देतील.



त्याने ट्रे उचलला आणि हरखून म्हणाला, "बघ, एकसुद्धा फुटलं नाही! याला म्हणतात कॅल्शियम!"