कच्चा हात

“औषध अंगावर सांडलं, तर लाजायचं नाही,” व्याही सांगत होते. “आधी कपडे उतरवायचे, मग साबण आणि भरपूर पाणी. लाज सांभाळत बसणारे जिवानिशी जातात. काय समजलात?”

शेतीच्या औषधांच्या त्या दुकानात पोत्यांवर, खोक्यांवर टेकलेल्या गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. फवारणीचा हंगाम तोंडावर आला की व्याही असं प्रवचन देत. प्रवचन फुकट असे. औषध तेवढं विकत.

दारात उभ्या असलेल्या विहीणबाईंनी ते वाक्य मनात पक्कं केलं. त्यांचा सगळा बेत त्यावरच उभा होता.

त्यांची लेक दुकानामागच्या घरात, व्याह्यांच्या मुलाला दिलेली. मागच्या हंगामात टोमॅटोवरच्या अळीचं औषध त्यांनी इथूनच नेलं होतं. सोयऱ्याचं दुकान सोडून दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही. वारा पडल्यावर, ऊन चढायच्या आत, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क अशा सगळ्या थाटात त्यांनी फवारणी केली. पानांच्या पाठीसुद्धा सोडल्या नाहीत. आठवड्याने पाहतात तो अळ्या चांगल्या अंगाने भरलेल्या, आजोळी राहून आल्यासारख्या.

विचारायला आल्या, तेव्हा व्याही भर दुकानात म्हणाले, “औषध अस्सल आहे हो. विहीणबाईंचा हात कच्चा.”

दुकान हसलं. हसू तिथंच थांबलं असतं, तर विहीणबाईंनी गिळलंही असतं. पण ते मागच्या दाराने घरात शिरलं. लेकीची भाजी करपली की “आईचा हात आलाय”. दूध उतू गेलं की “शेवटी लेक कोणाची”. लेक माहेरी आली तरी यातलं काही बोलायची नाही. नुसती आईच्या हातांकडे बघत बसायची. हळूहळू विहीणबाईही बघायला लागल्या. चुकलंच असेल का आपलं?

चुकलं असो वा नसो, बदला घ्यायचाच होता. ज्याने चारचौघांत आपलं नाक कापलं, त्याला चारचौघांत पँट उतरवायला लावायची, तीही बोट न लावता. साबण आणि पाणी पलीकडे मोरीत होतंच, तेव्हा व्याह्यांच्या जिवाला धोका नव्हता. अब्रूचं त्यांचं त्यांनी पाहावं.

“या, या,” व्याही म्हणाले. “यंदा पुन्हा अळ्या पाळायच्या म्हणता?”

दुकान हसलं. विहीणबाईही हसल्या.

“आमचा हात कच्चा. तेच औषध घेते, पण माप तुम्ही काढून दाखवा.” त्यांनी पिशवीतून हातमोजे काढून चढवले. मग चष्मा.

“अहो, दुकानात चष्मा कशाला?”

“कच्च्या माणसाने जपून असावं.”

व्याह्यांनी मागच्या फळीवरची नवी बाटली घेतली, सगळ्यांना दिसेल असं तिचं सील फोडलं आणि समोरच्या चहा-बिस्किटांच्या बशीशेजारी मापाचं झाकण ठेवलं. विहीणबाई नीट बघायला म्हणून पुढे वाकल्या. कोपर लागलं. बाटली आडवी झाली आणि निम्मी व्याह्यांच्या मांडीवर रिकामी झाली.

सगळं दुकान उठून उभं राहिलं.

“शेठ, कपडे काढा आधी.”

“अरे, पाणी आणा कोणीतरी.”

आतून लेक बादली आणि साबण घेऊन धावत आली. विहीणबाई एक पाऊल मागे सरल्या, हाताची घडी घातली आणि पट्ट्याचं बक्कल वाजायची वाट पाहू लागल्या.

व्याह्यांनी मांडीकडे पाहिलं. रुमालाने दोनदा झटकलं.

“काही होत नाही हो. बसा, बसा. विहीणबाईंचा हात, दुसरं काय.” मग सुनेकडे वळून म्हणाले, “आणि तू गं? पाणी कशाला वाया घालवतेस? राहू दे.”

त्याच ओल्या बोटांनी त्यांनी बिस्किट उचललं, चहात बुडवलं आणि तोंडात टाकलं.

विहीणबाईंचे खांदे पडले. वर्षभर मनात घोळवलेला बेत, आणि हा माणूस जागचा हललासुद्धा नव्हता. उद्यापासून लेकीला आणखी एक टोमणा वाढला. त्यांना लेकीकडे बघवेना, म्हणून त्यांनी दुकानाकडे पाहिलं.

दुकान हसत नव्हतं.

कोपऱ्यातल्या पोत्यावर बसणारा म्हातारा एवढ्या वेळात पुढे आला होता. त्याने व्याह्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“शेठ,” तो अगदी हळू म्हणाला, “तुम्ही हात नाही धुतलेत.”

व्याह्यांचं चघळणं थांबलं. गिऱ्हाइकांच्या नजरा एकेक करून त्यांच्या डोक्यावरून मागच्या फळीवर गेल्या. तिथं तशाच सीलबंद बाटल्यांची रांग लागली होती. कोणाचा कापूस गेला होता, कोणाची मिरची. प्रत्येकाने तेव्हा घरी जाऊन आपल्याच हाताला दोष दिला होता.

विहीणबाईंनी सावकाश चष्मा उतरवला. मग एक हातमोजा. मग दुसरा. दोन्ही हात त्यांनी उजेडात धरून नीट पाहिले.

व्याह्यांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. तोंडातलं बिस्किट थुंकलं. ताडकन उभे राहिले आणि “भाजतंय, आई गं, भाजतंय” म्हणत त्यांनी भर दुकानात पट्टा सोडला, पँट खाली ओढली.

“सूनबाई, पाणी. लवकर पाणी.”

लेकीने भरलेली बादली खाली ठेवली.

“राहू द्या, मामंजी. कशाला वाया घालवायचं?”