मोजून चाळीस ग्रॅम

अरे ऐका ना! महिनाभर मी आमच्या बोक्याला, ओंगलायला, दिवसाला मोजून चाळीस ग्रॅम दाणे देतेय, स्वतःची तळलेली कोंबडी दार लावून खातेय, आणि आज ताइनानच्या दवाखान्यात काटा म्हणतो सात किलो दोनशे! उलट वाढलाच मेला!

वर छ्यू डॉक्टर माझ्यावरच डाफरले. "शू-हुई, याला मधुमेह होणार हं! इथे येणाऱ्या दहा मांजरांत चार जाडी असतात, पण तुमच्या गल्लीत कहर आहे. चार घरांतले चार बोके, चारही पिवळे, चारही सात किलोंच्या वर. चौघांना पथ्य दिलंय, एकाचंही वजन उतरत नाही. चोरून खायला घालता तुम्ही!"

"शप्पथ डॉक्टर, एक दाणा जास्त देत नाही!" मी अगदी रडकुंडीला आले.

तेवढ्यात शेजारच्या ल्याव मावशी रिकामी टोपली घेऊन धापा टाकत आत शिरल्या. "डॉक्टर, आजचं वजन राहू दे, आमचा बोका सकाळपासून सापडतच नाहीये..."

मग त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं.


"अरे माझ्या सोन्या, तू इथे बसलायस होय!"